दोन महिने आधी कळलं तर : वेधशाळेचं आरोग्यपत्रक आणि पाषाणचं डेंग्यू मॉडेल

शिवाजीनगरच्या वेधशाळेतून, म्हणजे जुने पुणेकर जिला अजूनही सिमला ऑफिस म्हणतात तिथून, दर आठवड्याला आरोग्यासाठी एक पत्रक निघतं. पुढच्या दोन आठवड्यांत कुठे किती ऊन, किती गारठा आणि डासांमुळे पसरणाऱ्या आजारांना पोषक तापमान देशाच्या कोणत्या भागात असेल, हे त्यात नकाशांवर दाखवलेलं असतं. पैसे पडत नाहीत. हवामान विभागाच्या पुण्याच्या संकेतस्थळावरून कुणीही उतरवून घ्यावं. गेले काही पावसाळे मी ते नेमाने वाचतोय आणि आमच्या सोसायटीत जमेल तितकं त्याप्रमाणे वागतोय. त्याच्या जोडीला पाषाणच्या आयआयटीएमचा, म्हणजे भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचा, जानेवारी २०२५मध्ये प्रसिद्ध झालेला डेंग्यूवरचा अभ्यास आहे. दोन्हींबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं. पावसाचा अंदाज घरोघरी बघतात, पण हवामानावरून आजाराचाही अंदाज काढता येतो हे अजून फार थोड्यांना माहीत आहे.

मी डॉक्टर नाही, हवामानशास्त्रज्ञही नाही. आरोग्य खात्यात आधी आरोग्य सेवक आणि नंतर आरोग्य सहायक होतो. भोर-वेल्ह्याच्या बाजूला वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या. 'मलेरियावाले आले' हीच आमची ओळख. ताप आलेल्याच्या बोटाला सुई टोचायची, काचपट्टीवर रक्ताचा नमुना घ्यायचा, क्लोरोक्विनच्या गोळ्या समोर उभं राहून गिळायला लावायच्या, दाराशेजारच्या भिंतीवर तारीख टाकून सही करायची आणि पुढचं घर गाठायचं. संध्याकाळी रजिस्टर. किती घरं पाहिली, किती घरांत अळी मिळाली, किती भांडी तपासली, त्यातली दूषित किती. या नोकरीमुळे कुठलाही अंदाज हातात आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : हे वाचून उद्या सकाळी कुणी, कुठे जाऊन, काय करायचं?

आधी पाषाणच्या अभ्यासाबद्दल बोलतो, कारण पत्रक कसं वाचायचं ते मला त्यातून कळलं. सोफिया याकोब, रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे हेच शहर अभ्यासाला घेतलं. इथल्या आरोग्य यंत्रणेकडचे डेंग्यूचे आकडे आणि त्याच काळातलं हवामान त्यांनी शेजारी-शेजारी ठेवलं. निघालं ते असं : पावसाळ्यात तापमान २७ ते ३५ अंश, हवेतली आर्द्रता ६० ते ७८ टक्के आणि पाऊस बेताचा पण सगळ्या हंगामात वाटून पडलेला, असं जमून आलं की डेंग्यूचे रुग्ण आणि मृत्यू वाढतात. आठवड्यात १५० मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला तर मात्र ते कमी होतात. या सगळ्याचं गणित मांडून त्यांनी संगणकावर मॉडेल बसवलं आणि ते दोन महिन्यांहून अधिक आधी डेंग्यूची सूचना देऊ शकतं, हे दाखवून दिलं.

दोन महिने म्हणजे काय चीज आहे, ते या कामात हयात घालवलेल्यालाच कळेल. आमच्याकडे सूचना यायची ती रुग्ण सापडल्यावर. अमुक गावात तापाचे रुग्ण वाढले, जीप काढा, फवारणी पंप काढा. आम्ही पोचेपर्यंत गावात तापाचा दुसरा फेरा सुरू झालेला असायचा. अळी मारायची खरी वेळ त्याच्या कितीतरी आधी निघून गेलेली असायची. साथ सुरू झाल्यावर केलेलं काम फुकट जातं असं मी म्हणणार नाही, त्यानेही जीव वाचतात. पण तेच काम आधी केलं तर निम्म्या माणसांत होतं.

१५० मिलिमीटरची गोष्ट बऱ्याच जणांना पटत नाही. पाऊस जास्त म्हणजे डास जास्त, असं आपण धरून चालतो. डेंग्यूच्या डासाचं वागणं जवळून पाहिलं की मग पटतं. एडिसची मादी गटारात अंडी घालत नाही. तिला स्वच्छ, साठलेलं, न हलणारं पाणी लागतं आणि अंडी ती पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर कडेला चिकटवते. बादलीच्या आतल्या बाजूने बोट फिरवलं तर शाईच्या बारीक ठिपक्यांसारखी काळी रेघ दिसते, ती हीच. पाणी आटलं तरी ती अंडी मरत नाहीत, कित्येक महिने तशीच टिकतात. पाणी पुन्हा त्या रेघेपर्यंत चढलं की अळी बाहेर. तिथून आठ-दहा दिवसांत डास उडाला. म्हणून तर बॅरल नुसतं रिकामं करून भागत नाही, आतून घासावं लागतं. आता विचार करा. रिमझिम पाऊस, मध्ये दोन दिवस ऊन, परत रिमझिम, असं चाललं की टायर, करवंट्या, गच्चीवरचे तुटके डबे यांत पाणी चढतं-उतरतं पण कधी ओसंडून वाहत नाही. एडिसला याहून चांगला हंगाम नाही. कोसळणारा पाऊस मात्र भांडं भरभरून वाहवतो आणि अळ्या बाहेर फेकल्या जातात. घाटमाथ्यावर असे आठवडे नेहमीचे, पुणे शहरात क्वचित. म्हणजे आपल्या शहराला साधारण पाऊस मिळतो तोच नेमका या डासाच्या सोयीचा.

तापमानाचंही तसंच. डासाने रुग्णाचं रक्त प्यायलं म्हणून तो लगेच रोग पसरवू शकत नाही. विषाणू त्याच्या पोटात वाढून लाळेपर्यंत पोचावा लागतो. २५ अंशांना याला सरासरी १५ दिवस लागतात, ३० अंशांना साडेसहा. डासाचं आयुष्यच मुळात दोन-चार आठवड्यांचं. २५ अंशांत बरेचसे डास विषाणू तयार व्हायच्या आत मरतात, ३० अंशांत तेच डास उरलेले दिवस दुसऱ्यांना चावत फिरतात. पाच अंशांनी एवढा फरक पडतो. पत्रकातल्या तापमानाच्या नकाशाला मी इतकी किंमत देतो ती यासाठी. त्या रंगांमागे डासाच्या पोटातलं घड्याळ आहे.

पुढच्या काळाबद्दल याच अभ्यासात जे आकडे आहेत ते वाचून मला झोप लागली नव्हती. पुण्यातले डेंग्यूचे मृत्यू २०४०पर्यंत साधारण १३ टक्क्यांनी, शतकाच्या मध्यावर २५ ते ४० टक्क्यांनी आणि कर्बवायूंचं प्रमाण असंच वाढत राहिलं तर शतकाच्या शेवटी ११२ टक्क्यांपर्यंत वाढू शकतात. माझी नात तेव्हा म्हातारी झालेली असेल. हे आकडे कुणी भीती घालायला काढलेले नाहीत, पण महापालिकेच्या अर्थसंकल्पात कीटक प्रतिबंधाला किती पैसे ठेवायचे हे ठरवताना ते टेबलावर हवेत.

आता वापराबद्दल. पाषाणचं मॉडेल मला अभ्यास म्हणून वाचायला मिळालं. दर आठवड्याला हातात पडतं ते वेधशाळेचं पत्रक. मी ते असं वापरतो. नकाशात पुण्याच्या आसपासचा पट्टा पोषक तापमानात आला का ते बघतो. मग गेल्या दोन आठवड्यांत शिवाजीनगरला पाऊस कसा झाला ते बघतो. किती झाला त्यापेक्षा कसा झाला, थोडा-थोडा रोज की एकदाच धो-धो. पत्रक पोषक म्हणतंय आणि पाऊस रिमझिम चाललाय, असं दिसलं की त्या रविवारी सोसायटीत कोरडा दिवस, म्हणजे साठलेलं सगळं पाणी शोधून ओतून द्यायचा दिवस. मी, आमचा प्लंबर आणि पहारेकरी बॅटरी घेऊन निघतो. गच्चीवरच्या टाक्यांची झाकणं, लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी, जिन्याखालच्या कुंड्या, फ्रीजच्या मागचा ट्रे, वापरात नसलेल्या फ्लॅटमधला कमोड. बंद फ्लॅटचा कमोड कुणाच्या लक्षात येत नाही, आणि अळ्या तिथे हटकून मिळतात.

बॅटरीचा झोत पाण्यावर टाकला की अळ्या कशा दिसतात ते एकदा तरी प्रत्येकाने पाहावं. डोकं खाली, शेपटीकडची श्वासनळी वर पाण्याच्या पृष्ठभागाला टेकलेली, अशा लटकून असतात. तुमची सावली पडली की वळवळत तळाला जातात आणि थोड्या वेळाने एकेक करून परत वर येतात. श्वास घ्यायला वर यावंच लागतं. चौथ्या मजल्यावरच्या एका ताईंना मी त्यांच्या मनीप्लँटच्या बाटलीत हे दाखवलं.

त्या म्हणाल्या, "काका, हे तर गांडुळाच्या पिलांसारखं दिसतंय. मी रोज वरून पाणी घालते हो, स्वच्छ असतं."

"स्वच्छ असतं म्हणूनच आहेत ताई. वरून घालू नका, सगळं ओतून द्या, बाटली आतून घासा आणि मग भरा. दर रविवारी."

तेव्हापासून त्या स्वतः त्यांच्या मजल्यावरची घरं बघतात, मला जावं लागत नाही.

सोसायटीत सगळ्यात मोठा वाद धूरफवारणीचा. गाडी आली, धूर झाला, की लोकांना काम झाल्याचं समाधान मिळतं. "काका, फवारणीवाल्यांना बोलवा ना, तुम्ही ओळखता सगळ्यांना." ओळखतो, पण धुराने मरतो तो त्या घटकेला उडणारा डास. बाटलीतल्या अळीला धूर लागत नाही, आठवड्याने ती डास होऊनच बाहेर येते. रुग्ण सापडला असेल तर त्याच्या घराच्या आसपास धूर जरूर करावा, विषाणू घेऊन उडणारा डास मारायला तोच उपाय आहे. पण दोन महिने आधी कळणाऱ्या अंदाजाचा उपयोग धुरासाठी करायचा नसतो. तो टाक्यांसाठी, झाकणांसाठी, अळीनाशकासाठी आणि अळ्या खाणाऱ्या गप्पी माशांसाठी आहे. कामाचं सगळं वेळापत्रक त्याने लवकरच्या तारखांना येतं. शासनाचा जून हा हिवताप प्रतिरोध महिना आणि १६ मे हा राष्ट्रीय डेंग्यू दिन, दोन्ही तारखा हंगामाच्या तोंडावर ठेवलेल्या आहेत ते उगीच नाही. पण तारखा दर वर्षी त्याच असतात आणि पाऊस दर वर्षी वेगळा असतो. अंदाजाने ही फट भरून निघते.

आता मला खटकणाऱ्या गोष्टी.

पत्रकातला नकाशा अख्ख्या देशाचा आहे. त्यात पुणे जिल्हा शोधावा लागतो. सिंहगड रस्ता आणि वाघोली यांत फरक दिसण्याचा प्रश्नच नाही. दोन-चार आठवडे पुढचं हवामान सांगणाऱ्या मॉडेलला गल्लीबोळ दिसत नाहीत, हे मला मान्य आहे आणि ते त्यांच्याकडून मागणंही चुकीचं. पण एडिस फार तर काहीशे मीटर उडतो. त्याचं जग एका सोसायटीचं, एका चाळीचं. वरचा अंदाज आणि खालचं काम यांच्यामध्ये कुणीतरी वॉर्डाचा नकाशा घेऊन बसलं पाहिजे. ते काम वेधशाळेचं नाही, स्थानिक आरोग्य यंत्रणेचं आहे. एका क्षेत्रीय कार्यालयात मी पत्रकाच्या प्रती घेऊन गेलो होतो. तिथल्या साहेबांनी चांगलं बसवून घेतलं, चहा दिला, आणि म्हणाले की असं काही निघतं हे आम्हाला कुणी कळवलेलंच नाही. मला त्यांचा राग आला नाही. वाईट वाटलं ते याचं की शिवाजीनगर तिथून रिक्षाच्या अंतरावर आहे.

दुसरं, डासांच्या आजारांचा नकाशा प्रामुख्याने तापमानावर बेतलेला आहे आणि पाण्याचं काय हा प्रश्न वाचणाऱ्यावर सोडलेला आहे. शहरात एडिसला पावसाचं पाणी लागतंच असं नाही. आमच्या धायरी-नऱ्हेकडे एप्रिल-मेमध्ये टँकर सुरू होतात. नळाचं पाणी कधी येईल याचा भरवसा नाही म्हणून माणसं ड्रम भरून ठेवतात, आणि कष्टाने मिळवलेलं पाणी आठवड्याने ओतून द्या असं मी कुठल्या तोंडाने सांगू? तिथे झाकण घट्ट बसवा, फडकं बांधा, एवढंच सांगता येतं. पावसाचा एक थेंब पडायच्या आधी अळ्या मिळतात त्या या ड्रममध्ये. कुठल्या भागात पाणी किती दिवसांआड येतं, टँकर कुठे जातात, बांधकामाच्या जागा कुठे आहेत, ही माहिती मॉडेलमध्ये गेली तर वॉर्डापुरता अंदाज कितीतरी सुधारेल असं मला अनुभवाने वाटतं. ही माहिती सगळी आहे, फक्त ती पाणीपुरवठ्याकडे आणि बांधकाम परवानगीच्या फायलींत पडून आहे.

तसंच मोठ्या पावसाने अळ्या वाहून जातात हे उघड्यावरच्या भांड्यांना लागू. जुलै २०२४मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्याला एकतानगरीत पुराचं पाणी घुसलं, तेव्हा गच्चीवरच्या करवंट्या धुऊन निघाल्या, खरंय. पण तळघरांत आणि लिफ्टच्या खड्ड्यांत पाणी साचलं ते कुठे वाहून जाणार? शिवाय पूर आला की घरातलं सामान बाहेर पडतं. भिजलेले पिंप, फुटक्या बादल्या, टायर रस्त्याकडेला ढिगाने येतात, आणि मग ऑगस्टमध्ये परत रिमझिम लागते. त्या वर्षी पुण्यात डेंग्यूच्या जोडीला चिकुनगुनिया आणि झिकाही होता. तिन्हींचा वाहक हाच डास. म्हणून सोसायट्यांना माझं सांगणं असतं की १५० मिलिमीटरचा आठवडा झाला म्हणून निवांत बसू नका, पुढचा पंधरवडा तळघर आधी बघा.

भाषा इंग्रजी आणि तीही खात्याची. आशाताईंच्या हातात हे दिलं तर त्यांनी काय करायचं? एका पानावर मराठीत, जिल्हावार, 'या पंधरवड्यात डासांना हवामान पोषक, पाणी साठवणीची भांडी तपासा' एवढं लिहिलं तरी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल. शेतकऱ्यांसाठी हवामान विभाग मराठीत कृषी सल्ला देतो. डाळिंबाला काय फवारायचं हे मराठीत सांगता येतं, तर पिंपाला झाकण लावा हेही येईल.

सगळ्यात महत्त्वाचं मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. असा अंदाज दोन पायांवर उभा राहतो. एक हवामानाचा, दुसरा रुग्णांच्या नोंदींचा. हवामानाच्या अर्ध्याला मी पैकीच्या पैकी गुण देईन. उपग्रह आहेत, पर्जन्यमापकं आहेत, शंभर वर्षांच्या वर जपलेल्या नोंदी आहेत. रोगाच्या अर्ध्याला काठावर पास. आणि तो दोष मॉडेल बसवणाऱ्यांचा नाही.

डेंग्यूचा रुग्ण सरकारी आकड्यात कसा येतो ते बघा. तापाचा माणूस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जातो. डॉक्टर तिथल्या तिथे रॅपिड किटवर एनएस-१, म्हणजे रक्तातलं डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन, बघतात. पॉझिटिव्ह आला, उपचार सुरू झाले, माणूस बरा झाला. पण सरकारी कार्यक्रमाच्या नियमाप्रमाणे डेंग्यू पक्का धरतात तो प्रयोगशाळेतल्या एलायझा तपासणीवर. त्यासाठी रक्तजल सेंटिनल रुग्णालयात, म्हणजे या तपासणीसाठी नेमलेल्या रुग्णालयात, जावं लागतं. अभिमानाची गोष्ट अशी आहे की डेंग्यूची आयजीएम एलायझा किट देशभरच्या सरकारी केंद्रांना पुरवते ती आपल्या पुण्यातलीच राष्ट्रीय विषाणू संस्था. पण कोपऱ्यावरच्या दवाखान्यातला तो रुग्ण तिथवर पोचलाच नाही, तर तो संशयित राहतो, किंवा कुठल्याच कागदावर येत नाही. मॉडेलच्या लेखी त्या आठवड्यात त्या गल्लीत डेंग्यू नव्हता. २००४पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आहे, एस (लक्षणांवरून), पी (डॉक्टरांच्या निदानावरून), एल (प्रयोगशाळेचा) असे तीन फॉर्म ठरलेले आहेत, आता ते आयएचआयपी या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन भरतात. रचना चांगली आहे. भरणारी माणसं कमी आहेत आणि खाजगी दवाखान्यांचा मोठा भाग त्याच्या बाहेर आहे.

आरोग्य सेवकाच्या नोकरीत रजिस्टर भरणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम. वस्तीवरून अंधार पडल्यावर परत यायचं, पाय दुखत असायचे, आणि मग कंदिलाच्या उजेडात रकाने भरायचे. कित्येक सहकारी विचारायचे, हे वाचतं कोण? पाषाणचा अभ्यास वाचताना मला त्या सगळ्यांची आठवण झाली. हे वाचतं कोण याचं उत्तर तिथे होतं. पुण्यातल्या कुणा कर्मचाऱ्याने, कुणा तंत्रज्ञाने प्रामाणिकपणे लिहिलेला आकडा नसता, तर उपग्रहाच्या सगळ्या माहितीला डेंग्यूबद्दल एक अक्षर बोलता आलं नसतं. ज्या जिल्ह्यांचे आकडे नीट नाहीत किंवा दिले जात नाहीत, त्या जिल्ह्यांसाठी असं मॉडेल बसवताच येणार नाही, मग तिथे पाऊस कितीही नेमका मोजलेला असो.

हे काही आजचं ज्ञान नाही. १९०८ साली पंजाबात मलेरियाने हाहाकार केला. ख्रिस्तोफर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी त्याचा अभ्यास करून पाऊस, धान्याची महागाई आणि मलेरिया यांचा संबंध १९११मध्ये मांडला. त्यानंतर १९२०च्या दशकात गिल या दुसऱ्या डॉक्टरांनी पंजाबात दर वर्षी साथीचा अंदाज द्यायला सुरुवात केली. त्यांच्याकडे संगणक नव्हता. जुलै-ऑगस्टचा पाऊस, धान्याचे भाव आणि शाळकरी मुलांच्या पोटावर हात ठेवून तपासलेली पाणथरी (प्लीहा), यावरून ते सांगायचे. पाणथरी सुजलेली मुलं कमी असतील तर त्या गावात प्रतिकारशक्ती कमी, म्हणजे पाऊस चांगला झाला की साथीचा धोका जास्त. भाव चढे असतील तर माणसं अर्धपोटी, म्हणजे मृत्यू जास्त. आकाश, पोट आणि बाजार तिन्ही त्यांनी एकत्र बघितले. आजच्या पत्रकात यातलं पहिलंच आहे. शंभर वर्षांपूर्वी मुलांची पोटं तपासत गावोगाव हिंडणारी माणसं होती, तशी माणसं आज अंदाजाच्या दुसऱ्या टोकाला हवीत.

येमेनचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. तिथे २०१७मध्ये कॉलऱ्याचे दहा लाखांवर संशयित रुग्ण झाले. त्यानंतर ब्रिटनच्या हवामान खात्याचा पावसाचा अंदाज आणि रीटा कोलवेल, अंतरप्रीत जुतला या शास्त्रज्ञांच्या गटाचं कॉलऱ्याचं मॉडेल एकत्र करून कुठल्या जिल्ह्यात धोका आहे ते चार आठवडे आधी काढलं जाऊ लागलं, आणि युनिसेफने त्याप्रमाणे क्लोरीन, साबण, माणसं आधी तिथे पोचवली. युद्ध चालू असताना. अंदाज काढणारा आणि साबण पोचवणारा एकमेकांशी बोलत होते, म्हणून ते जमलं. आपल्याकडे युद्ध नाही, रस्ते आहेत, आशाताई आहेत, तालुक्याला आरोग्य अधिकारी आहेत.

एक गोष्ट मात्र लोकांनी या सेवेकडून मागू नये. जानेवारी २०२५मध्ये आमच्याच भागात, किरकटवाडी आणि नांदेड गावाच्या बाजूला गुलेन-बारी या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण निघाले तेव्हा शेजारच्यांनी मला विचारलं की तुमच्या पत्रकात हे का नव्हतं. ते दूषित पाण्याचं दुखणं होतं, हवेच्या तापमानाचा नकाशा बघून ते कळणार नव्हतं. हवामानाशी घट्ट बांधलेल्या आजारांपुरताच हा अंदाज कामाचा : डेंग्यू, मलेरिया, कॉलरा, पुरानंतरचा लेप्टो. त्यातही तो शक्यता सांगतो. पोषक हवामान असूनही साथ न येणं हे अंदाज चुकल्याचं लक्षण नाही. कदाचित कुणीतरी पिंपं घासली असतील.

सोसायटीचे सचिव, शाळांचे मुख्याध्यापक, बांधकामाच्या जागेवरचे सुपरवायझर यांनी हे पत्रक आजपासून बघायला लागावं. मेपासून नोव्हेंबरपर्यंत दर आठवड्याला, सोबत आपल्या भागाचा पाऊस. बांधकामवाल्यांना विशेष आग्रह, कारण क्युरिंगसाठी, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायला, स्लॅबवर केलेले आळे आणि पाण्याच्या सिमेंटच्या टाक्या पंधरा-पंधरा दिवस तशाच भरलेल्या असतात आणि तिथेच मजुरांची लेकरं झोपतात. अळीनाशकाचा डोस आणि गप्पी मासे महापालिकेच्या कीटक प्रतिबंधक विभागाकडे मागावेत. डॉक्टरांना विनंती वेगळी आहे. तुमच्याकडे रॅपिड किटवर पॉझिटिव्ह येणारा प्रत्येक रुग्ण, त्याचा पत्ता नको, फक्त भाग आणि आजार सुरू झाल्याची तारीख, एवढं आरोग्य यंत्रणेला कळवा. पाषाणच्या मॉडेलला वॉर्डापर्यंत आणायला हाच कच्चा माल लागणार आहे.

आमच्या रस्त्यावरच्या काही दवाखान्यांनी दर शनिवारी तापाच्या रुग्णांचा आकडा द्यायचं कबूल केलं आहे. नाव-गाव नाही, नुसती संख्या. तो मी रजिस्टरमध्ये मांडतोय, शेजारच्या रकान्यात त्या आठवड्याचा पाऊस आणि पत्रकातला रंग. एक हंगाम पुरा झाला की त्याची प्रत पाषाणला आणि महापालिकेला दोन्हीकडे नेऊन देईन, आणि जे दिसेल ते इथेच लिहीन.